त्या एका तासात बोलायचं नसतं

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की कॅन्सर आहे हे कळतं, पण किती आहे आणि कुठवर गेलाय हे नाही कळत, ते स्कॅनवर ठरतं. या दोन्हींच्या मधे जे दिवस जातात ना, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण त्या दिवसांत बाहेरून बघणाऱ्याला काही घडताना दिसतच नाही. ट्रीटमेंट सुरू झालेली नसते, केस जागच्या जागी असतात, ऑफिसच्या मेलना उत्तरं चालू असतात, आणि ज्याला ज्याला कळलंय तो पहिला प्रश्न विचारतो, "कुठली स्टेज?" आणि आपण म्हणतो, "अजून स्कॅन व्हायचाय." मग समोरचा "अच्छा" म्हणतो, आणि दोघंही थोडा वेळ गप्प.

माझ्या मानेत गाठ होती. ती काढून तपासली आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आता पेट-सीटी करून घ्या, मग बोलू. म्हणजे तोच स्कॅन, आधी एक इंजेक्शन देऊन मग अंगाचे फोटो काढतात. बाहेरच्या काउंटरवर एक कागद मिळाला, तयारीचा. आदल्या दिवशी पिष्टमय आणि गोड कमी खा. स्कॅनच्या आधी सहा तास काही खायचं नाही, साधं पाणी चालेल, च्युइंग गमसुद्धा नाही. चोवीस तास व्यायाम नाही, जिने चढउतार नाही, जड उचलायचं नाही. थंडी वाजू देऊ नका. अंगावर धातू नको. डायबेटिस असेल तर औषधांचं आधी विचारा. प्रेग्नंट असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. बरोबर येणाऱ्यांत गरोदर बाई आणि लहान मूल नको. आणि शेवटी बोल्डमध्ये, वेळेवर या.

सगळा कागद "हे करू नका, ते करू नका"चा. करायचं असं जवळपास काहीच नाही, पाणी पिणं सोडून. आणि मी अशा जातीची बाई आहे की टेन्शन आलं की मला हातपाय हलवायला लागतात, भराभर चालायला लागतं, कपाटं आवरायला लागतात. तेच नेमकं बंद.

आमचा जुना ग्रुप आहे, मी धरून पाच जण. नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही, कामावरून ओळखा. एक यादीवाली, अकाउंट्समध्ये आहे, तिची कुठल्याही गोष्टीची यादी तयार असते. एक गाडीवाला. एक गप्प बसणारा, कॉलेजात फिजिक्स शिकवतो, वर्गात बोलून बोलून त्याचे शब्द संपतात बहुतेक कारण आमच्याशी तो बोलतच नाही. आणि चौथी, जी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

यादीवालीने पहिल्या संध्याकाळी येऊन माझ्या हातातला कागद काढून घेतला. म्हणाली, "हा तू वाचायचा नाहीस. मी वाचते आणि तुला ज्या त्या वेळी जेवढं लागेल तेवढंच सांगते." मला आधी जरा राग आला, मी काय लहान आहे का, पण खरं सांगू का, त्या कागदाचं चाळीसावं पारायण करण्यातून मला मिळत काहीच नव्हतं, आणि तिला त्यातून पाच गोष्टी मिळाल्या ज्या मला दिसल्याच नव्हत्या. उदाहरणार्थ थंडी. मला वाटलं पेशंटला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल. तिने फोन करून विचारलं तर तिथल्या माणसाने सांगितलं की थंडी वाजली की शरीरातली ब्राउन फॅट म्हणून एक चरबी असते ती उष्णता तयार करायला लागते, त्यासाठी ती ग्लुकोज ओढते, आणि स्कॅनमध्ये उजळून दिसते. आणि ही चरबी असते कुठे तर मानेत आणि खांद्यांपाशी. म्हणजे बरोबर जिथे माझी गाठ होती तिथे! स्वेटर हा त्या दिवशी कपडा नव्हता, तपासणीचाच भाग होता. यादीत स्वेटर दोनदा लिहिला गेला, झिपवाला नको अशी खाली टीप.

व्यायाम बंद त्याच कारणाने. धावलात, जड उचललंत, तर स्नायू भुकेले होतात आणि इंजेक्शनमधलं औषध तिकडेच जातं, मग फोटो वाचणाऱ्याला काय गाठ आणि काय पिंढरी हे वेगळं काढत बसावं लागतं.

आता हे औषध म्हणजे काय हे मला गप्प बसणाऱ्याने सांगितलं, आणि तेही एका मावसभावामुळे. मावसभावाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं, साखर हे कॅन्सरचं अन्न आहे, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल, आणि खाली, "म्हणूनच तर स्कॅनच्या आधी गोड बंद करायला सांगतात!!" आई ते वाचून घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून आली. मी तो फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर टाकला, आणि रात्री गप्प बसणाऱ्याचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तो सलग एवढा कधी बोललेला नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोजच्या बाबतीत अधाशी असतात हे खरं आहे, ऑटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच ते पाहिलं होतं. स्कॅन त्याच अधाशीपणाचा फायदा घेतो. ग्लुकोजच्या रेणूत एका ठिकाणी किरणोत्सारी फ्लोरीन बसवायचं, त्याला एफडीजी म्हणतात. पेशीला वाटतं साखरच आली, ती आत घेते, पहिली पायरी पार पाडते, पण पुढे त्याचं काही करता येत नाही म्हणून ते आतच अडकून राहतं. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच उलट भाराचा भाऊ, तो जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. मशीनची भोवतीची रिंग ते दोन्ही एकाच वेळी पकडते आणि कुठून निघाले ते काढते. (इथे त्याचा आवाज एकदम खुललेला, मला हसू आलं.) पण म्हणून साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं होत नाही, कारण तू साखर खाल्ली नाहीस तरी शरीर स्वतः ग्लुकोज बनवून रक्तात ठेवतंच, ठेवावंच लागतं, मेंदू त्यावर चालतो. आदल्या दिवशी गोड कमी करायचं ते फक्त फोटो स्वच्छ यावा म्हणून. रक्तात साखर आणि इन्शुलिन जास्त असलं तर औषध भलतीकडेच जातं. तेवढंच.

आईला हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. डबा खाली आला. मावसभावाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाही.

"वेळेवर या" बोल्डमध्ये का, तेही त्याच व्हॉइस मेसेजमध्ये होतं. त्या फ्लोरीनची हाफ-लाइफ ११० मिनिटं. म्हणजे दर पावणेदोन-दोन तासांनी औषध निम्मं होत जातं, फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर कुठेही ठेवा. तुमच्यासाठी सकाळी तयार झालेला डोस तुमची वाट बघत थांबू शकत नाही. १९७६ च्या ऑगस्टमध्ये माणसाला पहिल्यांदा हे औषध दिलं गेलं तेव्हा ते तयार झालं होतं न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन लॅबमध्ये आणि द्यायचं होतं फिलाडेल्फियाला, तर एका छोट्या विमानाने घाईघाईने नेलं, आणि तरी वाटेत त्यातलं बरंच संपलेलं होतं. गाडीवाल्याने हे ऐकलं आणि निघायची वेळ पाऊण तासाने अलीकडे ओढली. "विमान नाहीये आपल्याकडे," म्हणाला.

मला इथे एक गोष्ट लिहायचीच आहे, ती म्हणजे धीर देणाऱ्यांबद्दल. "पॉझिटिव्ह राहा." "तुला काही होणार नाही, मला माहितीये." "तू फायटर आहेस." हे सगळे चांगल्या मनाने बोलतात, मी कोणाला नावं ठेवत नाही, पण स्कॅनच्या आधी या वाक्यांचं काय करायचं हे मला खरंच कळायचं नाही. स्कॅन ही काही लढाई नाही. तिथे जे आधीच आत आहे ते फक्त दिसणार असतं, मी पॉझिटिव्ह राहिले काय आणि भिंतीकडे तोंड करून रडले काय, फोटोत काडीचा फरक पडणार नाही. उलट या वाक्यांना उत्तर द्यावं लागतं, "हो गं, थँक्यू गं", आणि मग समोरच्याला बरं वाटावं याची जबाबदारी माझ्यावर येते. त्यापेक्षा "सकाळी साडेपाचला उठवायला फोन करू का, की आई उठवतील?" हा प्रश्न मला कितीतरी जास्त आधार द्यायचा, कारण त्याला उत्तर होतं.

आमच्या ग्रुपने धीर देण्याचा प्रकारच बाद केला. ठरवून नाही, आपोआप. स्कॅनच्या आदल्या दिवशी मला फिरायला जायची परवानगी नव्हती म्हणून गप्प बसणारा संध्याकाळी आला आणि माझ्यासमोर पेपर तपासत बसला. विद्यार्थ्यांनी काय काय लिहिलंय ते मधेच वाचून दाखवायचा. एकाने अणूच्या रचनेच्या उत्तरात केंद्रकाभोवती ग्रह फिरतात असं लिहिलं होतं. मार्क द्यायचे का यावर आम्ही दोघं बराच वेळ वाद घालत बसलो, मी अर्धा मार्क मिळवून दिला त्या मुलाला.

चौथीचं मात्र अवघड होतं. तिला यायचं होतं, आणि तिलाच येता येणार नव्हतं. इंजेक्शननंतर काही तास पेशंटच्या अंगातून थोडं रेडिएशन बाहेर पडत असतं, मोठ्या माणसाला त्याचं काही विशेष नाही, पण पोटातलं बाळ आणि छोटी मुलं यांच्यापासून लांब राहायला सांगतात. ती फोनवर रडली. मग म्हणाली, "बरं, मला असं काम द्या जे लांबून होतं." यादीवालीने तिला आई दिली. म्हणजे त्या दिवशी आईला फोन करत राहायचं, नातेवाइकांचे फोन परस्पर घ्यायचे, आणि कोणालाही माझा नंबर लावू द्यायचा नाही. मी नंतर कॉल लिस्ट बघितली, आईशी तिने त्या दिवशी जितकं बोललंय तितकं मी महिन्यात बोलत नाही.

कपड्यांवरून एक तमाशा झाला तो सोडून देते, एवढंच सांगते की आपल्या रोजच्या कपड्यांत हुक, बटणं, तारा धरून किती धातू असतो हे आरशासमोर उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही.

तिथे पोचल्यावर पहिल्यांदा बोटातून साखर तपासतात. साधारण २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी थांबवतात किंवा दुसरा दिवस देतात. माझ्या आधीच्या काकांची जास्त निघाली, त्यांच्या मुलाचा चेहरा उतरला, काका मात्र शांतपणे म्हणाले, "मग आता खाऊ का?" माझी नीट आली. यादीवालीने आकडा लिहून घेतला, कशाला ते देव जाणे.

मग मला आत घेतलं आणि ती बाहेर राहिली. इथून पुढे कोणालाच बरोबर येता येत नाही. छोटी खोली, मंद लाइट, आडवं पडायची खुर्ची. सिस्टरने हाताला सुई लावली, शिशाच्या जाड आवरणातली सिरिंज आली, औषध गेलं, काही जाणवलंसुद्धा नाही, आणि सिस्टर पटकन बाहेर. उद्धटपणा नाही तो, तिला दिवसभर हेच करायचं असतं, जवळ जितका कमी वेळ तितकं तिच्यासाठी बरं. जाताना सांगून गेली, आता तासभर असंच पडून राहायचं, बोलायचं नाही, फोन नाही, हालचाल नाही. बोललं तर घशाचे आणि जिभेचे स्नायू औषध खेचतात. शिवाय मानेचा पेशंट, म्हणजे तर अजिबातच नाही.

हा तास मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटत होता. स्कॅनपेक्षाही. यादीवालीला मी ते बोलले होते, आणि तिने त्या तासासाठी काम दिलं होतं. सातवीच्या वर्गाचा हजेरीपट. रोल नंबर एकपासून शेवटपर्यंत, क्रमाने, आडनावासकट. आम्ही एकाच वर्गात होतो. "बाहेर आलीस की मी तपासणार," म्हणाली, "माझ्याकडे पूर्ण आहे." मला वाटलं हे काय पोरकट, पण पडल्यावर पहिली पाच मिनिटं छातीत जे काही चाललं होतं ते चालू असतानाच मी एक नंबरपासून सुरुवात केली. बाराव्यापर्यंत भराभर आले. तेरावी मुलगी आठवेना. तिची वेणी आठवत होती, ती कोणत्या बाकावर बसायची ते आठवत होतं, नाव येईना. तिच्यावर बहुतेक दहा मिनिटं गेली. मधे मधे डोकं निसटून जायचंच, आत्ता या क्षणाला ते औषध कुठे कुठे अडकत असेल, कुठे जाऊन बसत असेल, मान, छाती, की आणखी खाली, आणि मग परत ओढून आणायचं, चौदा नंबर, पंधरा नंबर. भीती गेली असं मी अजिबात म्हणणार नाही. पण तासाचे तुकडे झाले, आणि एकेका तुकड्यात मावण्याइतकीच ती उरायची.

सिस्टर आली, बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, कारण हे औषध लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय फोटोत असं काही चमकतं की आजूबाजूचं दिसत नाही. मेंदू तर सगळ्यांचाच चमकतो. म्हणजे उजळलं ते सगळं कॅन्सर असं समीकरण नसतं. साधं इन्फेक्शन, नुकतीच भरत आलेली जखम, अलीकडे घेतलेली लस यांनीसुद्धा उजळतं. फोटो वाचायला माणूस लागतो तो त्यासाठी.

खुद्द स्कॅनबद्दल लिहिण्यासारखं खरंच फार नाही. एमआरआयसारखा धडाधड आवाज नाही, लांब बोगदा नाही, हात डोक्यावर घेऊन पडायचं आणि टेबल हळूहळू रिंगमधून सरकतं. वीसेक मिनिटं. मला तर डुलकी लागत होती.

बाहेर आले तर यादीवाली उठून पहिल्यांदा म्हणाली, "तेरा नंबर?" मी म्हटलं नाही आठवलं. तर म्हणते, "मला पण नाही आठवत, म्हणून तर तुला विचारलं." पूर्ण यादी वगैरे तिच्याकडे काही नव्हतीच!

आता रिपोर्टचं. हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी तुमच्या फोनवर येतो. लिंक येते, पासवर्ड येतो, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट असते दोन-तीन दिवसांनी. मधल्या वेळात माणूस रात्री दोन वाजता एकेक शब्द गूगल करत बसतो. मला माझा स्वभाव माहिती आहे. म्हणून आधीच ठरलं की रिपोर्टसाठी यादीवालीचा नंबर द्यायचा. तिने उघडून वाचायचं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढायचे, आणि मला एक अक्षर सांगायचं नाही. चांगलं असलं तरी नाही, कारण चांगलं असताना सांगितलं आणि वाईट असताना नाही सांगितलं, तर गप्प राहण्यातूनच सगळं कळतं.

त्या दिवसांत आम्ही नेहमीसारखे बोलत होतो. तिने ऑफिसातल्या एका बॉसची नक्कल केली, चौथीच्या बाळाच्या नावावरून ग्रुपवर भांडणं झाली, यादीवालीच सगळ्यात जास्त भांडली. मी तिच्या प्रत्येक वाक्यात, प्रत्येक स्मायलीत काही दिसतंय का शोधत होते. काही दिसलं नाही. मला वाटायला लागलं, रिपोर्ट अजून आलाच नसेल.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये ती माझ्या शेजारी वही घेऊन बसली. डॉक्टरांनी स्क्रीन वळवून दाखवली, मानेत, छातीत. अजून पुढचं ते बोलायच्या आधीच हिने विचारलं, "आणि डायफ्रामच्या खालच्या त्या दोन गाठी, त्यांची बायॉप्सी लागेल का?"

अकाउंट्समधली बाई. डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, हा शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी कधीही ऐकला नव्हता. मी डॉक्टरांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं, ती वहीत बघत होती.

डायफ्रामच्या वर आणि खाली दोन्हीकडे म्हणजे तिसरी स्टेज. डॉक्टरांनी नीट समजावलं की लिम्फोमात स्टेजचा अर्थ इतर बऱ्याच कॅन्सरसारखा घ्यायचा नाही, इथे तिसऱ्या-चौथ्या स्टेजलाही पूर्ण बरं करण्याच्या उद्देशानेच ट्रीटमेंट देतात. त्या गाठींची बायॉप्सी नको. बोन मॅरोचीही नको, आता हॉजकिनमध्ये पेट-सीटीवर तेवढं भागतं. ट्रीटमेंटच्या दोन सायकल, म्हणजे दोन फेऱ्या, झाल्या की परत पेट-सीटी, औषध लागू पडतंय का बघायला. तिचे नऊ प्रश्न होते, नवाच्या नवांना उत्तरं घेतली. मला त्यातली निम्मी नंतर वहीतूनच कळली.

खाली पार्किंगमध्ये मी तिला विचारलं, कधी आला होता रिपोर्ट?

"स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी."

"म्हणजे तू बॉसची नक्कल केलीस तेव्हा..."

"तेव्हा वाचून झाला होता."

"जड गेलं का?"

"हो," ती म्हणाली. "खूप. नाही म्हणणार नाही मी. गूगलवर रात्री दोन वाजता मी होते. पुढच्या वेळी मी स्वेटर बघते, कागद बघते, हजेरीपट आठवीचा घेऊ, पण रिपोर्ट दुसऱ्या कोणालातरी द्या."

गाडीवाला लगेच म्हणाला, त्याला जमणार नाही, त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. चौथीला फोन लावला तर ती म्हणाली, तोवर बाळ झालेलं असेल, मी तशीही रात्रभर जागीच असणार, मला द्या. त्यावर यादीवाली म्हणाली, बाळंतिणीला असलं काही द्यायचं नाही. मग सगळ्यांनी गप्प बसणाऱ्याकडे बघितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग म्हणाला, "पासवर्ड मला पाठव."